राजीनामा आणि बारा ताडपत्र्या

२२ ऑक्टोबर १९५८. दसरा.
आज डिसिजन घेतला. नोकरी सोडणार.
कारणं लिहून ठेवतो, पुढेमागे मन डळमळलं तर उपयोगी पडतील. पगार मास्तराच्या दुप्पट, हे खरं. पण काम काय? पहाटे पाड्यावर जायचं आणि शेठच्या रानातलं गवत कापायला माणसं उठवून आणायची. आरडाओरडा मला जमत नाही, म्हणून मी स्वतःची पद्धत काढली आहे. झोपडीच्या दारात उभं राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. आतला माणूस पाच मिनिटांत शरमेने बाहेर येतो. ताप असला तरी येतो. शेठ या पद्धतीवर फार खूश आहेत. मला मात्र दोन वर्षांत जेवण गोड लागलेलं नाही.
जमना मुलीला घेऊन बोर्डीला माहेरी गेली, त्याला चार महिने झाले. लोकांच्या दारात असा उभा राहणारा माणूस तिला घरात नको, असं म्हणाली. तिथल्या शाळेत मास्तराची एक जागा रिकामी आहे, दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत थांबतील. सातवीची फायनल आम्ही दोघंही पास. ती पहिल्या खेपेला. मी तिसऱ्या, म्हणजे तयारी माझी जास्त.
उद्या राजीनामा. बिडीही बंद.

२३ ऑक्टोबर.
शेठ डहाणूला गेलेत. माझा इलाज नाही.

२६ ऑक्टोबर.
राजीनाम्याची तिसरी फेअर कॉपी. ‘सविनय’ हा शब्द इतका सुरेख उतरलाय की कागद हातावेगळा करवत नाही. बिड्या चार. लिखाणाच्या वेळच्या धरत नाही.

२९ ऑक्टोबर.
शेठ आले. राजीनामा दिला नाही, कारण ते खुशीत होते. मला म्हणाले, चुरीभाई, तमे तो घरना माणस. अशा वेळी कागद पुढे करणं बरं दिसत नाही.
पाच तारखेला गवताच्या गासड्यांचा पहिला ट्रक डहाणू रोड स्टेशनला पोचायला हवा. अडचण हाल्याची. हाल्या पाड्यातला जाणता. तो म्हणतो, वाघबारशीला वाघदेवाला नारळ दिल्याबिगर गवताला विळा लावायचा नाय. बारस नऊ तारखेला. वर म्हणतो, गवत अजून खालून ओलं हाय, जनावर बुडाशी बसून असतं. जनावर म्हणजे साप. नाव घेत नाहीत.
मी त्याला पंचवार्षिक योजना समजावून सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि नाय म्हणाला.
एवढा गुंता सोडवतो आणि मगच जातो. काम अर्धवट टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही.

१ नोव्हेंबर. दुपार.
गुंता सुटला! नारळच द्यायचा ना? चारोटीहून आणला आणि वाघदेवाच्या लाकडी खांबापुढे स्वतः फोडला. देवाला कुठे कॅलेंडर असतं? हाल्या लांबून बघत होता. म्हणाला, भाऊ, देव अजून रानात हाय, बारशीशिवाय घरी येत नाय. तू दिला कोनाला?
प्रसाद कोणी घेतला नाही. सगळं खोबरं मलाच खावं लागलं.

२ नोव्हेंबर.
पद्धत वापरली. सगळी दारं झाली. शेवटचं चैत्याचं. चैत्या आला, पण त्याची बायको तानी येईना. अंगात ताप होता म्हणे. मी उभा राहिलो. आली.
गवत पडायला लागलं. मी प्रॅक्टिकल माणूस आहे.

३ नोव्हेंबर.
राजीनामा दिला!
सविस्तर लिहितो. शेठनी कागद उलटसुलट केला. त्यांना गुजराती तेवढं वाचता येतं, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. म्हणाले, तुमीच वाचा. वाचायला लागलो. ‘सविनय’पर्यंत ठीक गेलं. पुढे तोंडातून निघालं की गासड्या दवाने भिजतात, तरी ताडपत्र्या मिळाव्यात. शेठनी विचारलं, केटली? मी म्हणालो, बारा.
माझ्या कळकळीचं त्यांनी कौतुक केलं आणि कागद फायलीला लावायला मलाच परत दिला.
तरीपण दिला तो दिलाच. त्यांनी ऐकला नाही, एवढंच.

४ नोव्हेंबर.
तानीला जनावर डसलं. सकाळी नऊच्या सुमारास, पायाला.
ट्रक भरून उभा होता. भरलेल्या ट्रकवर माणूस चढवायचा नाही, बिडीची ठिणगी पडते, असा शेठचा रूल आहे. रूल माझा नव्हे. शेठ चारोटीला होते. विचारायला सायकलवर माणूस पाठवला. तो परत येईपर्यंत तास गेला. शेठ हो म्हणाले होते. लगेच हो म्हणाले होते.
ट्रक डहाणूच्या दवाखान्याकडे निघाला. कासा ओलांडायच्या आत ती...

४ नोव्हेंबर. पुन्हा.
कासा रस्त्यात लागतच नाही. काय लिहितोय मी. वाणगावचा फाटा होता. चैत्याने ट्रक थांबवायला सांगितला आणि तिला उचलून घेऊन चालत मागे फिरला.
बिड्या मोजल्या नाहीत.

६ नोव्हेंबर.
शांतपणे विचार केला. साप काही पंचांग बघून चावत नाही. ताप होता तर तिने तोंडाने नाही म्हणायचं होतं. मी काही ओढून आणली नव्हती. मी फक्त उभा होतो.
मी फक्त उभा होतो, हे जमनाला कळवू नये.

९ नोव्हेंबर. वाघबारस.
शेठच्या गवताच्या वखारीत एकही माणूस नाही. आज त्यांचा देव घरी आला असेल. शेठनी निरोप धाडला की पाड्यावर जाऊन उभे राहा. पाड्याच्या फाट्यापर्यंत गेलो. तिथूनच मागे फिरलो. शेठना सांगितलं, चप्पल तुटली.

१० नोव्हेंबर. पहाट.
दार उघडायला गेलो तर फटीतून चैत्या दिसला. दारात उभा. हातात विळा नाही, काठी नाही. बोलत नाही, हलत नाही.
मी परत येऊन पांघरूण घेतलं.
पाच मिनिटं झाली. दहा झाली. उजाडलं तरी तो तिथेच. लाज वाटली, खोटं कशाला लिहू? पण बाहेर गेलो नाही. माझ्याच पद्धतीला मला उठवता आलं नाही.
उन्हं आल्यावर तो गेला. दुपारी कळलं की पाडाच्या पाडा रानशेत गावाकडे दुसऱ्या कामावर गेला. कोणी राजीनामा लिहिला नाही. फेअर कॉपी तर नाहीच.
आता मात्र ठरलं. दिवाळी उरकली की बोर्डी.

१७ नोव्हेंबर.
जमनाचं पत्र. मास्तराच्या जागेसाठी तिने स्वतःच अर्ज केला होता. जागा तिला मिळाली. सोमवारपासून हजर व्हायचं आहे. अक्षर माझ्याहून चांगलं आहे, हे आजवर पाहिलं नव्हतं. शेवटी लिहिते की तानीचं इकडे कळलं, आता तुम्ही नोकरी सोडायची घाई करू नका. आमचं भागेल.
चार वेळा वाचलं. पत्रात तानीबद्दल तेवढी एकच ओळ आहे.

१८ नोव्हेंबर.
ताडपत्र्या आल्या. बाराच्या बारा.
शेठ म्हणाले, उद्यापासून तलासरीकडचा पाडा धरा, तिथल्या लोकांना तुमची पद्धत ठाऊक नाही. दारं किती, माणसं किती, लिहून आणा.
घरात कोरा कागद शोधला, मिळाला नाही. राजीनाम्याची मागची बाजू कोरी आहे. पहाटे लवकर उठायचं आहे.