दोरीचं मागचं टोक

३ फेब्रुवारी, मंगळवार

आधी डबा. नातीला, मैतूला, तूप-साखरेची गुंडाळलेली पोळी लागायची, पण तिथल्या बालवाडीत साखर चालत नाही, म्हणून तूप-मीठ. ती आईला सांगायची, आजी विसरते, साखरेऐवजी मीठ टाकते. मग जावयांचा, अमोलरावांचा चहा झाकून ठेवायचा. ते गोदामातली रात्रपाळी करून यायचे तेव्हा प्रज्ञा लॅपटॉप उघडून बसलेली असायची. दोघं खुणांनीच बोलायचे, घरात कोणी तान्हं झोपलेलं असावं तसं. मग मैतूचे मोजे, त्यावर आणखी मोजे, बूट, कानटोपी. आणि सगळ्यात शेवटी दारामागच्या हुकावरची दोरी काढायची.

आज पहाटे उठून दारामागे हात गेला. इथे ह्यांची छत्री आहे.

जर्मनीहून परत येऊन दोन महिने होऊन गेले. तीन महिन्यांचाच व्हिसा होता. देहाला अजून तिकडचं वळण.

५ फेब्रुवारी

कमलताई शेजारून द्राक्षं घेऊन आल्या. त्यांच्या माहेरची, निफाडची. बसल्या आणि परत तेच.

“त्या दोरीचं सांगा ना वो. पोरं दोरीला बांधून नेत्यात म्हंजे काय शेरडं हायत का?”

बांधून नाही हो, धरून. ती अख्खी कॉलनीच शिकायला आलेल्या लेकुरवाळ्यांची. युनिव्हर्सिटीने बांधलेली. प्रज्ञा पीएच.डी. करते म्हणून तिला दोन खोल्या. एका जिन्यात पाच देश. सगळ्यांनाच घाई, म्हणून बालवाडीची पोरं एकत्र जातात. एक लांब दोरी, तिला दोन्हीकडून कापडी कड्या, ज्याची त्याची कडी ठरलेली. पुढे एक मोठं माणूस, मागे एक. घरोघरी पाळ्या लावलेल्या. प्रज्ञाच्या घरची पाळी मंगळवार-शुक्रवार, आणि मी होते तोवर ती माझी.

“तुमी कुठं ऱ्हायच्या? म्होरं?”

म्हटलं, मागच्या टोकाला. मला रस्ते कुठे माहीत.

“म्हंजे राखणीला.”

हो, तसंच.

द्राक्षं गोड निघाली. मैतूला बिया काढून द्याव्या लागतात. ह्या द्राक्षांना बियाच नाहीत. तरी पहिलं द्राक्ष मी चिरून पाहिलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

फॉल-पिकोच्या चार साड्या आल्या. मशीनवर बसल्या बसल्या हसू आलं.

शुक्रवारची पाळी झाली की दोरी सोमवारपर्यंत आमच्याकडेच. एकदा पाहिली तर चिखलाने काळी. कोणी कधी धुतलीच नव्हती. मी टबात साबण लावून चोळली, पिळली आणि रविवारी रात्री आपल्या सवयीने गॅलरीत वाळत टाकली. सोमवारची पाळी आमच्याच जिन्यातल्या हनानची. ती न्यायला आली तर दोरीची काठी झालेली. कड्या सशाच्या कानांसारख्या उभ्या. अमोलराव म्हणाले, “आई, इथे दोरीलाही थंडी वाजते.” हनानने ती कठड्यावर आपटली, ठकठक वाजली, तशी आम्ही दोघी जिन्यात बसून हसलो. पोरं त्या दिवशी काठीला धरून गेली. मैतू आठवडाभर सगळ्यांना सांगत होती, आजीची दोरी नीट शिजली नाही.

हे असते तर रोज जेवताना पुन्हा सांगायला लावलं असतं. चार वर्षं झाली. चांगली गोष्ट सांगायला माणूस नसणं हे वाईट बातमीपेक्षा जास्त जाणवतं.

८ फेब्रुवारी, रविवार

विहारात वंदना. येताना तिथल्या कपाटातलं पुस्तक बदललं, एका बाईने लिहिलेलं प्रवासवर्णन. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं ह्या कपाटातून आणि ह्यांनी कंपनीतून आणलेल्या जुन्या पेपरांतून. त्या बाईने सगळे किल्ले लिहिलेत. तिथली माणसं सकाळी काय खातात ते नाही लिहिलं.

दुपारी प्रज्ञाचा फोन. प्र. म्हणाली, “आई, एक विचारते, पण लगेच उत्तर देऊ नकोस.”

तिची शिष्यवृत्ती सप्टेंबरला संपते. त्याआधी प्रबंध द्यायचाय. मार्चपासून अमोलरावांना सकाळची पाळी. सकाळी दोरीच्या मागे उभं राहायला घरात कोणी नाही, आणि जे घर पाळी देत नाही त्यांचं मूल दोरीला नाही, असा तिथला नियम. संध्याकाळचंही तेच. “मैतूला सप्टेंबरपर्यंत तुझ्याकडे ठेवलं तर? अमोल मार्चमध्ये आणून सोडेल.”

मी हो म्हणाले.

“लगेच नको म्हटलं ना. तुझ्या गुडघ्यांचा विचार कर. बावीसच्या रविवारी सांग, मग तिकीट काढू.”

फोन ठेवल्यावर ह्यांच्या फोटोकडे बघून “ऐकलंत का” म्हटलं. सवय.

१० फेब्रुवारी

मशीन खिडकीतून हलवलं. तिथे तिची गादी बसेल. सकाळचं ऊन येतं. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, ह्यांचे कामाचे शर्ट वर नेले. चार वर्षांत पहिल्यांदा ते हलवले आणि काही वाटलं नाही. रात्री वाटलं.

मागच्या गल्लीतल्या बालवाडीत जाऊन आले. बाई म्हणाल्या, “मार्च-एप्रिल नुसती बसू दे, जूनपासून नाव घालू. पण नक्की ना? मागे दोघं जागा अडवून आलीच नाहीत.”

आठवड्यात सांगते म्हटलं.

परतताना आमच्या गल्लीतली तीन पोरं रस्ता ओलांडताना दिसली. कंपनीच्या सकाळच्या बसा तेव्हाच सुटतात. गल्लीतल्याच सुवर्णाच्या कडेवर धाकटं, एका हातात मोठा, आणि शेजारणीची दोघं नुसती “पळा, पळा” म्हणून मोकळी सोडलेली.

कमलताईंना सांगितलं. “लय ब्येस झालं बघा. घर बोलाया लागंल.” मग थोड्या वेळाने, उठता उठता, “पर आईबिगर राहील का वो ती?”

राहील. माझ्याजवळ झोपायची तिथे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

माझं ताट वाढलेलं, तिथे सकाळचे आठ. प्र. फोन खिडकीत टेकवून मैतूचा एक बूट शोधायला गेली. खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. पोरं दोरीला उभी होती, सगळ्यांच्या तोंडातून वाफा. मागच्या टोकाला हनान.

शुक्रवार आमचा. हनानचा सोमवार.

प्र. आल्यावर विचारलं. आधी म्हणाली, काही नाही गं. मग म्हणाली, “तू गेल्यापासून आमच्या दोन्ही पाळ्या तीच करते. मला म्हणाली, तू लिहीत बस. कोणी विचारलं तर सांगते, आजी येणार आहे, तोवर मी.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तिला सातवा लागलाय, आई. किती दिवस घेऊ तिच्याकडून?”

हनान सुदानची. नवरा शिकतो, ती दोन मुलगे सांभाळते. मला अरबी नाही, तिला मराठी नाही. तळघरात कपड्यांच्या मशीनजवळ बसून आमचे तीन शब्द जुळले: साबण, खुर्ची, दुकान. प्रत्येक शब्दाला ती माझ्या मांडीवर थाप मारायची. तेवढ्यावर तीन महिने काढले. निघताना तिने मला पिशवीभर सुके खजूर दिले आणि बरंच काही बोलली. मी पण बोलले. एकमेकींना काय सांगितलं कोण जाणे.

ताटातली भाजी गार झाली. तशीच खाल्ली.

१४ फेब्रुवारी

प्र.चा फोन, एकटीचा. तळघरातून, मागे मशीनची घरघर. वर मैतूसमोर बोलता येत नाही म्हणाली.

“तू हो म्हणालीस तर मी पाठवेन, आई.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“शिक्षण सोडणार नाही. ते बाबांना…”  मग म्हणाली, “पण ती गेल्यावर मी ह्या घरात बसून लिहीन कशी, तेही कळत नाही.”

 मशीन थांबलं तेव्हा ती कपडे काढायला लागली. ओले कपडे टोपलीत पडताना ऐकत राहिले.

हे टर्नर होते. पहिली पाळी असली की प्र.ला सायकलच्या नळीवर बसवून शाळेपाशी सोडायचे आणि मग कंपनीत. शाळा उघडायला तास असायचा. ती पायरीवर बसून अभ्यास करायची. मी म्हणायचे, पोरगी ताटकळते. हे म्हणायचे, ताटकळू दे, पण दिसू दे तिला, कोण सोडतंय ते.

मैतू आली तर मला काय मिळेल ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

त्र्यंबककडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलेला, महाशिवरात्र. विहारात गेले नाही. गुडघा.

आज मैतूच बोलली. तिला सांगितलंय की आजीच्या घरी जायचं आहे. ती आनंदात होती, उड्या मारत होती, त्यामुळे फोनमध्ये कधी कपाळ, कधी छत.

“आजी, तुझी दोरी कसली आहे?”

म्हटलं, इथे दोरी नसते बाळा. आजीचा हात धरून जायचं.

“मग माझी कडी?”

तिची कडी निळी. सगळ्यात मागची, माझ्या हाताच्या अगदी पुढे. चालताना ती मान मागे वळवून बघायची, मी आहे ना. तिला म्हणायचे, पुढे बघ, मी आहे.

“हात म्हणजेच कडी,” असं काहीतरी म्हणाले.

“एकच हात? मग बाकीचे कुठे धरणार?”

बाकीचे कोण, असं मी विचारलं. तर तिने नावं घेतली. हनानचे दोघे मुलगे. आई. बाबा. आई पुढे चालेल म्हणाली, आजी मागे.

तिला वाटतंय सगळीच येणार आहेत.

मी नेटवर्क जातंय म्हणाले आणि बंद केला. नेटवर्क नीट होतं.

१६ फेब्रुवारी

सकाळी रिक्षाने द्वारका चौकात. रिक्षा मी कधी करत नाही, पण गुडघा. दोराच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “गाय का म्हैस, मावशी?”

म्हटलं, पोरं.

त्याने वर बघितलं. “हाताला टोचेल तो. हा सुती न्या.”

घरी येऊन गरम पाण्यात साबण घालून धुतला. उन्हात टाकला. दुपारपर्यंत वाळला. इथे काठी होत नाही.

फॉलच्या कापडाच्या उरलेल्या पट्ट्या होत्या. दुहेरी करून मशीनवर कड्या शिवल्या. लाल, पोपटी, पिवळी. निळी पट्टी हातात घेऊन मशीन थांबवून बसले. कमलताई दारातून बघत होत्या.  मग ती पण लावली, सगळ्यात मागे.

सुवर्णाकडे जाऊन बोलले. ती म्हणाली, “काकू, माझा मोठा धरेल का पण? तो कुणाचं ऐकत नाही.”

धरेल. कडी दिली की धरतात.

प्र.चा मेसेज: रविवारपर्यंत सांगशील ना? घाई नाही.

घाई आहे. तिला सवयच आहे तसं लिहायची.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सुवर्णाचा मोठा, आणि शेजारणीची दोघं. पुढे कमलताई, पदर खोचून, “चला रं शेरडांनो” म्हणत. मागच्या टोकाला मी. कंपनीच्या बसा आल्या तेव्हा कमलताईंनी हात वर केला. एक ड्रायव्हर थांबला, हसला, मग मागचीही थांबली. निळी कडी माझ्या हाताच्या पुढे लोंबत होती. सुवर्णाच्या मोठ्याने दोनदा विचारलं, ही कुणाची. म्हटलं, पुढे बघ.

बालवाडीच्या बाईंनी दारातून मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि माझ्या फोनवर पाठवला. “तुमच्या नातीचं काय ठरलं?” म्हणाल्या. म्हटलं, रविवारी.

घरी येऊन तो दोनदा पाहिला. प्र.ला पाठवलेला नाही. तो पाहिला की ती तिकीट काढेल.

छत्री कपाटावर ठेवली, दोरी दारामागे अडकवली आणि राहिलेल्या साडीला फॉल लावायला बसले.