शनिवारचा भाजीगाडा

१२ जुलै, शनिवार

दिसली! खरंच दिसली. रस्त्यापलीकडच्या शिलाईच्या दुकानात, खिडकीला लागून असलेल्या मशीनवर मान खाली घालून बसली होती. दोरा दातांनी तोडला तिने, मान अशी तिरकी करून — आणि मला कळलं, ही आईच.

ती घर सोडून गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. चेहरा धड आठवतही नव्हता. फोटो होते ते आत्याने केव्हाच माळ्यावर टाकले. पण ती मान मी कुठेही ओळखली असती.

हातातलं माप हातातच राहिलं. "अगं काडी, टोमॅटो तोल! गिऱ्हाईक काय संध्याकाळपर्यंत उभं राहणार?" भोंगा ओरडली. भोंगा म्हणजे वसतिगृहात माझ्या खोलीतली. कानात सांगितलेली गोष्ट पण तिची चार घरांपर्यंत ऐकू जाते. तिनेच मला काडी नाव ठेवलं आणि आता सगळी शाळा तेच म्हणते.

कुणालाही सांगितलेलं नाही, इथे लिहिते. मी शेतकी शाळेत शेतीसाठी आलेच नाही. गेल्या वर्षी आत्या चिडली होती, चिडली की तिच्या तोंडाला बांध नसतो — "तुझी आई बसलीय तिकडे शेतकी शाळेच्या गावात मशीन मारत! तिला तुझी पडली असती तर इथे असती!" त्याच आठवड्यात मी बाबांना म्हटलं, मला शेतकी शाळेत घाला. बाबा वेल्डर. आमच्याकडे कुंडीभर मातीसुद्धा नाही! आत्या कपाळावर हात मारून म्हणाली, "शेण काढायला शिकायला वसतिगृहात राहणार ही!" बाबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बरं."

इतकंच. मला वाटलं होतं, भांडावं लागेल.

१५ जुलै

दर शनिवारी शाळेच्या मळ्यातली भाजी गाड्यावर घालून गावात विकायला न्यायची, ही मुलांची पाळी. पण पाळी फिरती. माझी पुन्हा केव्हा येणार, कोण जाणे! मी सौदा केला. ज्यांची शनिवारची पाळी असेल त्यांनी ती मला द्यायची, बदल्यात त्यांची पहाटेची शेण काढायची पाळी मी घ्यायची. गावात फिरायला मिळतं म्हणून भोंगाही जोडीला तयार. सगळे खूश. मी वेडी आहे अशी बातमी पसरलीय.

पसरू दे.

१९ जुलै

दुकान उघडं होतं. ती दोनदा बाहेर आली. एकदा पाणी टाकायला, एकदा उगाच. इकडे बघितलं नाही.

२६ जुलै, शनिवार

आली. गाड्यावर आली!

आधी बोटं दिसली. कोबी दाबून बघणारी. मी मान वर केलीच नाही. "कसा दिला गं पोरी?" आवाज जरा घोगरा. असा होता का तो? मी भाव सांगितला. "आतून किडका नाही ना?" म्हटलं, "नाही, आम्हीच लावलाय." हसली. म्हणाली, "आपलं आपल्याला कधी किडकं वाटतंय!"

मी तेव्हा वर बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, कोबी पिशवीत टाकला आणि गेली.

ओळखलं नाही.

का ओळखेल? डोक्याला फडकं, तोंडावर धूळ, अंगात शाळेची पूर्ण बाह्यांची खाकी डांगरी. आणि सात वर्षांची मी आता सोळाची. असं मी मनाला समजावते. मन म्हणतं, गाय नाही चुकत वासराला!

२७ जुलै

आरशात बघितलं. मी तिच्यासारखी नाहीच. नखशिखान्त बाबा.

५ ऑगस्ट

आज ट्रॅक्टर. पुढे न्यायला कुणीही नेईल, ट्रॉली जोडून मागे न्यायची तर भल्याभल्यांची फजिती. चाक डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे! सर ओरडतायत, "उलट गं, उलट!" मी उलट केलं ते उलटंच झालं. ट्रॉली थेट खताच्या ढिगात. भोंगा ढिगावर उभी राहून मला खाणाखुणा करत होती, ती कमरेपर्यंत आत! तिचा आवाज मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला.

इतकं हसले की पोटात दुखलं. जेवताना आठवलं की दिवसभरात आई एकदाही आठवली नव्हती. मग ताट बाजूला सारलं.

१९ ऑगस्ट

माझ्या गायीला — चौदा नंबर — परवा वासरू झालं. मागचे पाय आधी दिसत होते, म्हणून गोठ्याच्या सरांनी मला बाजूला बसवलं आणि स्वतः हात घातला. पण ओढताना म्हणाले, "ये, धर. ती कळ देईल तेव्हाच ओढायचं. मधे नाही." आम्ही दोघांनी ओढलं. ओला, लुळा गोळा गवतावर पडला आणि शिंकला! कालवड. मी रडले. सर म्हणाले, "पहिल्या खेपेला सगळेच रडतात. मी पण."

आज वासरू वेगळं केलं. इथे असंच करतात, दूध बादलीतून पाजायचं. मी दुधात बोटं बुडवते, ती बोटं चोखते, मग हळूच हात दुधात न्यायचा. तिसऱ्या खेपेला जमलं. पलीकडे चौदा नंबर हंबरतेय. सर म्हणाले, "दोन दिवस हंबरते, मग विसरते."

"कोण विसरतं सर? गाय की वासरू?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "तुझं जेवण झालं का?" म्हणाले.

२२ ऑगस्ट

चौदा नंबर अजून हंबरतेय. सरांचे दोन दिवस उलटून गेले.

६ सप्टेंबर, शनिवार

मी डांगरीची बाही मुद्दाम फाडली. कुंपणाच्या तारेला लावून टर्रकन. शिवणाच्या मास्तरीणबाईंकडे शाळेतच शिवून मिळते, तरी मी गाडा भोंग्याच्या हवाली करून रस्ता ओलांडला.

छोटंसं दुकान. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. भिंतीवर रिळं रंगांप्रमाणे लावलेली, खाली चिंध्यांची टोपली, मशीनच्या तेलाचा वास. तिने बाही हातात घेतली, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "तारेनं फाटलीय?" म्हणाली. "हो." "तार फार सरळ गेलीय."

मी रिळं मोजायला लागले.

मग म्हणाली, "बाही नुसती शिवून उपयोग नाही, आखूडच झालीय. वाढवून देते. उभी राहा." टाचण्या तोंडात धरल्या आणि टेप माझ्या खांद्यावर ठेवली. तिचा हात. मी श्वास घेतला की हलेल म्हणून श्वासच घेतला नाही. "हात सरळ धर." धरला. "खांदे रुंद आहेत. घरात कुणाचे असे?"

"बाबांचे," मी म्हटलं.

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. टेप गुंडाळायला मात्र फार वेळ लागला.

८ सप्टेंबर

डावा खांदा अजून वेगळा लागतो. वेडी झालेय मी. अभ्यास शून्य. मातीचे प्रकार पाठ करते आणि लिहायला बसलं की रिळांचे रंग आठवतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

वाटोळं केलं मी. सगळ्याचं वाटोळं.

डांगरी तयार होती. बाही वाढवलीय ते कळतसुद्धा नाही. आत एक खिसा जास्तीचा शिवलाय. "पैसे-बिसे पडतात तुम्हा पोरींचे," म्हणाली. मी तो खिसा बघत राहिले आणि तोंडातून निघून गेलं —

"आई."

ती चमकली नाही! हेच मला खुपतंय. चमकली असती, रागावली असती, "कोण तू?" म्हणाली असती तरी चाललं असतं. तिने फक्त मशीनच्या चाकावर हात ठेवला. इतक्यात एक माणूस पिशवीची चेन बदलायला आत आला. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "बसा हं," आणि मला, खालच्या आवाजात, "इथे नको. जा तू आता. जा."

मी गेले. रस्ता कसा ओलांडला ठाऊक नाही. गाड्यावर भोंगा गाजरं रचत होती. माझा चेहरा बघून तिने विचारलं, "काय झालं?" आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं. म्हणून सगळं सांगितलं.

भोंगा म्हणाली, "म्हणजे तुला ओळखलं होतं तिनं." मग म्हणाली, "मग जा का म्हणाली?"

तेच तर.

२० सप्टेंबर

शनिवार. गेले नाही. आजारी आहे म्हणून सांगितलं. भोंगा सांगत आली की ती दुकानाच्या दारात उभी होती. खोटं बोलत असेल. भोंगा फार चांगली आहे.

४ ऑक्टोबर

पालकांचा दिवस. बाबा आले.

बसमधून उतरून थेट माझ्याकडे न येता गोठ्याच्या फाटकाशी थांबले. बिजागरी कलली होती म्हणे! आधी हाताने उचलून बघितलं, मग वॉचमनकाकांकडून हातोडा मागून घेतला. मी म्हटलं, "बाबा, मी इकडे आहे!" तर म्हणतात, "एक मिनिट, हे लोंबकळतंय." ठोकून ठोकून सरळ केलं. मग कुठे मला जवळ घेतलं. त्यांच्या अंगाला नेहमीचा जळक्या लोखंडाचा वास होता.

त्यांना माझं वासरू दाखवलं, वाफे दाखवले. ट्रॅक्टर मागे घेऊन दाखवला — सरळ गेला! ते टाळ्या वाजवत होते. मग आम्ही विहिरीच्या कट्ट्यावर बसलो आणि त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "भेटलीस का तिला?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शाळेचं नाव काढलंस तेव्हाच कळलं."

मी सगळं सांगितलं. खिसा. "जा तू आता." ते ऐकत होते आणि हातातली काटकी मोडत होते, मोडलेली पुन्हा मोडत होते. मग म्हणाले, "तिला दोष देऊ नकोस. ती तुला न्यायला आली होती. दोनदा. मीच दारातून परतवली. दुसऱ्यांदा म्हणालो, पुन्हा आलीस तर पोरीला अशा ठिकाणी ठेवीन की तोंड दिसणार नाही. मग नाही आली. घाबरली असेल. अजून घाबरत असेल."

"आणि मला वाटत होतं तिला माझी पडलेली नाही!"

"हो."

"तुम्ही वाटू दिलंत!"

"हो. राग होता तेव्हा. मग राग गेला, पण सांगायला तोंड उरलं नाही. वाटलं, तू आपणहून भेटशील तर..." काटकीचा शेवटचा तुकडा विहिरीत टाकला.

मी उठून गोठ्यात गेले. बस आली, हॉर्न वाजला, मी बाहेर आले नाही. वॉचमनकाका म्हणाले, तुझे बाबा बसच्या मागच्या काचेतून बघत होते.

५ ऑक्टोबर

बाबांना नऊ वर्षं सांभाळल्याबद्दल माफ करायचं की नऊ वर्षं लपवल्याबद्दल झोडायचं? दोन्ही एकाच माणसाला कसं करतात?

११ ऑक्टोबर, शनिवार

आज सांगणार होते. की मला कळलंय, घाबरू नको, मला कुणी कुठे ठेवत नाही. वाक्यं पाठ करून गेले होते.

दुकान बंद. कुलूप. खिडकीतून दिसलं, मशीनवर चादर घातलेली. शेजारच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. "बाई? चार दिवस झाले गेल्या कुठे तरी. काही बोलल्या नाहीत. कपडे मात्र सगळ्यांचे देऊन गेल्या." कोळसा फुंकत म्हणाला, "तुझं काही शिवायला टाकलं होतंस का?"

म्हटलं, नाही.

भोंग्याने आज एकटीने गाडा ढकलला. मला म्हणाली, "तू नुसती बाजूनं चाल."

१४ ऑक्टोबर

सगळ्यांचे कपडे देऊन गेली म्हणजे परत यायचं नाही असं ठरवूनच गेली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

गोबरगॅसची टाकी साफ करत होतो, कोपरांपर्यंत शेणात. वॉचमनकाका आले. म्हणाले, "काडी, फाटकावर एक बाई आल्यात. कोण म्हणून विचारलं तर म्हणतात, मी तिची आई."

मी तशीच धावले. ती पिशवी घेऊन उभी होती, पायांवर प्रवासाची धूळ. "तुझ्या घरी जाऊन आले," म्हणाली. "तुझ्या बाबांना विचारून आले. गावात पोचूनही दारापर्यंत जायला आठवडा लागला. चार दिवस दारात उभी राहीन म्हटलं होतं, पण त्यांनी पहिल्याच दिवशी आत घेतलं. आत्या तेवढी अजून बोलत नाही."

मी मिठी मारायला गेले.

"हात धू आधी!" ती म्हणाली. आणि पिशवी खाली ठेवून फाटकाजवळच्या पिंपातलं पाणी मगाने माझ्या हातांवर ओतायला लागली. एक मग, दुसरा, तिसरा. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. ती ओततच होती.