तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं

३ जुलै, सकाळ
२१ ऑगस्टला गोल्नारचा इथल्या फ्रेंच शाळेत इंटरव्ह्यू. फ्रेंच जमली तर थेट पाचवीत, नाहीतर वर्षभर नवख्या मुलांच्या वर्गात. माझी मुलगी नवख्यांत बसणार नाही. मी मायदेशी, रश्तच्या शाळेत भूगोल शिकवलाय. एक भाषा शिकवणं काही अवघड नाही. आधी मी शिकेन, मग तिला शिकवेन. उद्यापासून पहाटे पाचला.
नणंदेला, महवशला, तेहरानला फोन करून सांगूनही टाकलं की गोल्नार पाचवीत गेली. जाणारच आहे.

४ जुलै
पाचला उठले. चहा केला. चहाबरोबर व्याकरण जात नाही. उद्या चहाआधी.

८ जुलै, संध्याकाळ
जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मादाम ब्रोशू भेटल्या. एकट्याच राहतात, सोबतीला मांजर. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, मुलीला रोज चारला पाठवा, मी बोलत जाईन तिच्याशी फ्रेंच. मनात म्हटलं, देव पावला. तोंडाने म्हटलं, नको नको, तुम्हाला कशाला त्रास. पहिल्याच खेपेला हो म्हणायला आम्ही काही हावरट नाही. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा हो.
त्या बरं म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.
उद्या विचारतील.

१० जुलै
कचरा थोडाथोडा करून चार खेपांत टाकायला गेले. मादाम जिन्यात भेटल्या. उकाड्याविषयी बोलल्या. विषयाच्या जवळ येताहेत.

१६ जुलै
पहाटेचा अभ्यास माणसाच्या प्रकृतीविरुद्ध आहे. भाषा कानातून शिरते. आजपासून स्वयंपाक करताना फ्रेंच रेडिओ.

२३ जुलै
रेडिओचा फार उपयोग होतोय. निवेदक ओळखीचा वाटू लागलाय. माझा नवरा सियामक कामावरून आला, दारातच थांबून ऐकलं आणि म्हणाला, बाईसाहेब, ही फ्रेंच नाही, हे हैतीचं क्रिओल आहे, गोदामात माझा जोडीदार हेच बोलतो.
म्हटलं, आधी कान तयार व्हावा लागतो. तो म्हणाला, झाला असेल तर जेवायला वाढ.

२८ जुलै
मादामना आठवण व्हावी म्हणून अंड्यात पालेभाजी घालून कूकू केलं आणि गोल्नारच्या हाती ताटली पाठवली. खूप उशिरा आली. म्हणाली, मांजराशी खेळत होते. ताटलीत रासबेरी. रिकामी ताटली परत करत नाहीत, म्हणजे बाई घरंदाज आहे. पण विचारलं काहीच नाही. संकोची स्वभाव.

५ ऑगस्ट
गोल्नार आता रोज चारला मांजराकडे जाते. जाऊ दे. माझा अभ्यासक्रम जड आहे, पोराला विरंगुळा हवाच. आज तिला पहिला धडा शिकवला. तिने माझे उच्चार सुधारले. मी वाचावं आणि तिला यावं, यालाच शिकवणं म्हणतात.

१४ ऑगस्ट
टीव्हीवर कुणीतरी काहीतरी बोललं आणि गोल्नार खदखदून हसली. काय झालं विचारलं. म्हणाली, काही नाही मामान, सांगण्यात मजा नाही त्याची.
माझी पद्धत लागू पडली म्हणायची. मीही थोडी हसले. तोवर तिचं हसून झालं होतं.

२१ ऑगस्ट, दुपार
गोल्नार घडाघडा बोलली. मला एकच शब्द कळला, मांजर. तिथल्या बाई म्हणाल्या, थेट पाचवीत. मग म्हणाल्या, घरी कुणी शिकवलं? बाईंचं सगळं गोल्नार मला फारसीत सांगत होती. मी रीतीप्रमाणे म्हटलं, छे छे, मी तर काहीच केलं नाही. आणि कुणीतरी असं कसं, असं कसं म्हणेल म्हणून थांबले.
कुणी म्हणालं नाही. गोल्नारने ते जसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं आणि पुढे मादाम ब्रोशूंचं नाव घेतलं.
मग बाई म्हणाल्या, आईंसाठी संध्याकाळी वर्ग आहे, एक जागा उरलीय, घालू नाव? म्हटलं, नको नको, कशाला त्रास. बाईंनी पेनाला टोपण लावलं. गोल्नार घाईघाईने काही बोलली. बाईंनी टोपण काढलं आणि माझं नाव लिहिलं.
बाहेर आल्यावर विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, मामानचं नको म्हणजे हो.
आणि मादाम?
त्या दिवशी तू नको म्हणालीस तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते. कूकू घेऊन गेले तेव्हा त्यांना हो म्हटलं.
एकदम?
त्या एकदाच विचारतात, मामान.

२२ ऑगस्ट, संध्याकाळ
मंगळवारपासून माझा वर्ग. नवख्यांचा. महवशला कळवण्याची घाई नाही.
चारला गोल्नार वही घेऊन आली. म्हणाली, बस, मी घेते तुझा अभ्यास. म्हटलं, नको गं, तुला कशाला त्रास.
ती बरं म्हणाली आणि खाली मांजराकडे गेली.
येईल वर, मग विचारेल. दार नुसतं लोटून ठेवलंय.