सुवर्णाची दोन वाक्यं

अंबड, गुरुवार, संध्याकाळ

सुवर्णाला आज ते शब्द शिकवायला नको होते. की बरंच झालं? काही कळत नाही.

जालन्याच्या एका दवाखान्यात काउंटरवर नोकरी मिळावी म्हणून ती माझ्याकडे इंग्रजी शिकते. आज वेळेचे शब्द घेतले: ऑलरेडी, स्टिल, येट. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला घरातलीच वाक्यं करायला लावायच्या. किती मजा यायची. मीही तिला तेच सांगितलं. तिची सासू सरूबाई नेहमीसारखी सोबत आलेली, दाराशी मेथी निवडत बसलेली.

सुवर्णा इंग्रजीत म्हणाली, "माझा नवरा कधीच निघून गेला. मी आता त्याची वाट बघत नाही."

एरवी शब्दाशब्दाला अडखळते. आज नाही. नवरा घर सोडून गेल्यापासून इतक्या वर्षांत हे मराठीत कुणाजवळ बोलली असेल का? आणि बोलली ती सासूच्या पुढ्यात, न अडखळता.

"लई फाडफाड बोलून राह्यली. मला शिव्या देती का काय?" सरूबाईंनी विचारलं.

सुवर्णा माझ्याकडे बघत राहिली.

"नाही हो, वेळेचे शब्द म्हणतेय," मी म्हटलं. खोटं नव्हतं. खरंही कुठे होतं?

"मंग मलाबी एक सांगा. पोरगा अजून आला न्हाई, त्यातल्या 'अजून'ला काय म्हणतेत?"

सांगितलं. काय करणार होते?

जिना उतरताना त्या "येट, येट" घोकत होत्या. सुवर्णा त्यांचा हात धरून म्हणत होती, "बराबर म्हणताय, आत्याबाई."