पेटाऱ्यातला मालक

२ मार्च, रविवार. सकाळी ९.
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायला नाही, माझं मला. या नाट्यमंडळात डोकं चालणारा दुसरा कुणी नसल्यामुळे बोलायचं तरी कुणाशी?
नाटक ठरलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीची फ्रेंच कॉमेडी. दिग्दर्शक मी. घरादाराला छळणारा म्हातारा मालकही मीच, कारण ते काम दुसऱ्या कुणाला झेपणार नाही. स्थळ वाचनालयामागची हिरवळ, उघड्यावर.
दातांचा डॉक्टर म्हणतो, मागची तीन नाटकं पडली. पडली नाहीत. प्रेक्षक उठून गेले, एवढंच. पण याने पोस्टातल्या बाईला फितवलंय. दोन प्रयोग झाले की पुढचा दिग्दर्शक मतदानाने ठरवायचा म्हणे. मतं चार. एक माझं, एक हिचं. ही म्हणजे माझी बायको, नाटकात मोलकरीण. बरोबरी झाली तर माझं मत डबल, असा नियम मी आधीच करून ठेवलाय. बसा बोंबलत.
ही म्हणाली, मला वाटतं या वेळी आपण. पुढचं मीच सांगितलं, की आपण जोरात बोलायला हवं. हिची वाक्यं मी पूर्ण करून देतो. वेळ वाचतो.

५ मार्च, बुधवार.
वारा. डॉक्टरची मिशी उडाली, कुत्र्याने पळवली. मी शिट्टी मारली. (शाळेत पर्यवेक्षक आहे, शिट्टी गळ्यात असतेच.) कुत्रं थांबलं नाही, नट थांबले. शिस्त मुरतेय.
चुकांच्या वहीत आज: डॉक्टर ९, पोस्टातली बाई ११, ही २३. घरचं माणूस म्हणून सूट नाही.

९ मार्च, रविवार.
सुतार पेटारा देऊन गेला. सगळं नाटक या पेटाऱ्यावर उभं आहे. मालक आत लपतो, घरचे आपल्यामागे काय बोलतात ते ऐकतो, आणि झाकणावर तीन टकटक झाल्या की बाहेर उडी मारून सगळ्यांची दाणादाण उडवतो. सुतार म्हणाला, हवेसाठी भोकं पाडू का? मी म्हटलं, फ्रेंच श्रीमंताच्या पेटाऱ्याला भोकं? जाड फळ्या, आतून रजई. टकटक सोडून काही ऐकू येत नाही. बिघडलं कुठे? मला सगळ्यांचे संवाद पाठ आहेत.
प्रवेश मात्र शेळपट. बाहेर उभा राहून पाहिला आणि झाप झाप झापलं. मालकाबद्दल चीड कुठे आहे? पुस्तकातली वाक्यं गेली खड्ड्यात, म्हटलं. तुमच्या आयुष्यातला सगळ्यात नकोसा माणूस डोळ्यांसमोर आणा आणि मनातलं बोला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरने विचारलं, नक्की? मी म्हटलं, हुकूम समजा.

१२ मार्च, बुधवार.
कमाल! मी पेटाऱ्यात होतो तरी हसण्याचा आवाज आत आला. झाकण उघडतो तर बघायला थांबलेला सुतार डोळे पुसतोय. माझ्याकडे पाहून पुन्हा फुटला. याला म्हणतात दिग्दर्शन.
डॉक्टरने कुणाला डोळ्यांसमोर आणलं असेल? त्याचा कंपाउंडर. पोस्टातल्या बाईने तिचा साहेब. हिने मोठी जाऊ, शंभर टक्के. विचारलं तर म्हणाली, नाही हो, त्या नाहीत, मी आपलं. मी म्हटलं, तुझा भाऊ, कळलं मला.

१६ मार्च, रविवार.
ही स्वयंपाकघराचं दार लावून एकटीच तालीम करते. वहीचा परिणाम. सुतार आज बायकोला आणि शेजाऱ्यांना तालीम बघायला घेऊन आला. फुकटे. पण हसले खूप. पेटाऱ्यातल्या माझ्या नुसत्या अस्तित्वाचा दरारा पोचतोय.

२१ मार्च, शुक्रवार.
पेटाऱ्यात चक्कर आली. मला एक कल्पना सुचली: भोकं. सुताराकडून मागच्या बाजूला सहा पाडून घेतली. तो म्हणाला, साहेब, बघा बरं, आता आत ऐकू येईल. मी म्हटलं, उत्तम. मंडळाला सांगितलं नाही. दिग्दर्शकाने सगळंच सांगायचं नसतं.

२३ मार्च, रविवार. सकाळी ७.
काल संध्याकाळी पहिला प्रयोग. हिरवळ गच्च. पेटाऱ्यात शिरलो. स्वच्छ ऐकू येत होतं.
डॉक्टर म्हणाला, आमचे मालक कुत्र्याला शिट्टी मारतात आणि माणसं थांबतात. हशा. कंपाउंडरकडे शिट्टी असू शकते.
पोस्टातली बाई म्हणाली, मालकांच्या वहीत सगळ्यांच्या चुका आहेत, त्यांचं स्वतःचं पान तेवढं कोरं. लोक लोळले. साहेब लोक वह्या ठेवतात.
मग ही. म्हणाली, मालक माझी वाक्यं पूर्ण करून देतात. अठरा वर्षांत माझं एकही वाक्य माझ्या मनासारखं संपलं नाही. ते पेटाऱ्यात आहेत तोवर एक बोलून घेते. लोक हसायचे थांबले. आणि ही बोलली. काय ते इथे लिहीत नाही. वाक्य लांब होतं. मधेच तोडायला मी तोंड उघडलंसुद्धा, पण पेटाऱ्यात होतो.
तीन टकटक झाल्या. उठलो नाही. पुन्हा तीन. डॉक्टर म्हणाला, मालक झोपले वाटतं. टाळ्याच टाळ्या. नालायक. उरलेलं नाटक माझ्यावाचून झालं, कुणाचं काही अडलं नाही. सगळे वाकून नमस्कार करून मोकळे. शेवटी सुतार पेटारा उचलायला आला आणि म्हणाला, अरेच्चा, जड लागतोय.
बाहेर न येणं हा दिग्दर्शकीय निर्णय होता.
मतदान आज दुसऱ्या प्रयोगानंतर. हिचं मत मी धरूनच चाललो होतो.
काल रात्री घरी येताना हिने विचारलं, आत काही ऐकू येतं का हो? मी म्हटलं, छे, फळ्या जाड आहेत.
बरं, मग उद्या मी जरा, असं म्हणून ही सवयीने थांबली. मी तोंड उघडलं. पुढचं काही सुचेना.
मग तिनेच वाक्य पूर्ण केलं. उद्या जरा मोठ्याने बोलते, म्हणाली.