द्राक्षांवरची धूळ

मी, खाली सही करणार, वय वर्षे बाहत्तर, मॅट्रिक पास, काम घरकाम, देवाचे स्मरण करून स्वहस्ताक्षरात लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, कोणाचा धाकदपटशा नाही आणि चष्म्याचा नंबर परवाच तपासला आहे.

कलम १. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. मागच्या अंगणातला द्राक्षवेल मात्र एकट्या मुलीचा. घर विकले तरी तो तोडायचा नाही. मुलगा म्हणतो, "आई, भिंत ओली होते." होऊ दे. बाळा, तुझे वडील दुपारी त्याच सावलीत खुर्चीवर झोपत आणि उन्हाचे कवडसे त्यांच्या शर्टावरून हळूहळू सरकत. अजूनही मी तिथे बसले की कवडसे सरकतात, आणि क्षणभर शर्टही दिसतो.

कलम २. बँकेतली ठेव मुलाला. त्यातून त्याने भिंत दुरुस्त करावी. वडिलांची छाटणीची कात्री मुलीला.

कलम ३. माझी पितळी चाळणी एकोणीस वर्षे थोरल्या जाऊबाईंकडे आहे. ती आता त्यांनाच दिली. मात्र "पहिल्यापासून माझीच" हे म्हणणे त्यांनी थांबवावे.

कलम ४. हे लिहायला मला चार दिवस लागले. मुलगी एका संशोधन केंद्रात वाइनच्या यीस्टवर काम करते. प्रथम कळले तेव्हा मी दोन दिवस बोलले नाही. आमच्या घरात दारूचा थेंब आलेला नाही. मग तिने मला हाताला धरून वेलाखाली नेले. द्राक्षावरचा पांढुरका थर दाखवून म्हणाली, "आई, या धुळीत जीव राहतात. यातलं एक यीस्ट मी कुठेच पाहिलेलं नाही. रसाला फुलांसारखा वास देतं, आणि दारू चढायला लागली की आपणच मरून जातं."

"म्हणजे आपल्याच घरचं की गं," मी म्हणाले. ती कितीतरी वेळ हसत होती.

त्या जिवाचा जीनोम, म्हणजे त्याची अख्खी पोथी, तिने अक्षर अक्षर वाचली. तेव्हापासून मला त्या धुळीत एक गाव दिसू लागले. दवात जागे होणारे, उन्हात निजणारे, कसलाही आवाज नसलेले.

पहिले घड तिने स्वतःच तोडून नेले होते. तेच यीस्ट पुन्हा मिळते का, हे पाहायला तिने पुढची तीन वर्षे द्राक्षे मागवली. मी पाठवली. एकदाही मिळाले नाही. गेल्या महिन्यात आली ती जेवलीच नाही. "साहेब म्हणतात, पहिल्या वेळी तू बाटल्यांची अदलाबदल केलीस. माझं काम काढून घेतलंय, आई. आता मी काचेची भांडी मोजते."

मी तिचे ताट झाकून ठेवले. तिन्ही वर्षे मी ती द्राक्षे मिठाच्या कोमट पाण्यात तीन तीनदा धुऊन, एकेक मणी फडक्याने पुसून पाठवली होती. परक्या दारी घरची वस्तू मळकी जाऊ नये म्हणून. तिच्या चिठ्ठीत "जशी आहेत तशी पाठव" असे होते. मला वाटले, पोर माझे कष्ट वाचवते आहे. देवाने वसवलेले गाव मी मोरीत ओतले. घरखर्चाच्या वहीत तिन्ही वर्षी "मीठ, द्राक्षे धुण्यास" अशी तारखेसह नोंद आहे. वही सोबत जोडली आहे. मुलगी खरे बोलते. चूक माझी.

कलम ५. वकील म्हणाले, "आजी, मृत्युपत्र तुमच्या पश्चात उघडायचं असतं." कलम चार तितके थांबणार नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असेही ते म्हणाले. पण दुसऱ्या क्रमांकाच्या साक्षीदारांनी तो वाचायचा, आणि मोठ्याने. त्यांना पत्र लिहून बोलावले आहे. घड पिकले आहेत, आणि या वर्षी मी एकालाही हात लावलेला नाही.

ठिकाण : राहते घर, वेलाखाली
दिनांक : ९ मार्च, मंगळवार, दुपारी तीन
(सही)

साक्षीदार
१. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)
मजकूर वाचला नाही, पण सगळा ऐकू आला.

२. संशोधन केंद्राचे प्रमुख (सही)
मोठ्याने वाचला. कलम चार दोनदा. चार घड स्वतः तोडून घेतले, धुतले नाहीत. ते बाईंच्या मुलीनेच तपासायचे आहेत.