वहिनीनं आणलेला शेकायचा पॅड

४ जानेवारी, रविवार
थंडीत आईची कंबर धरते, म्हणून वहिनीनं विजेचा शेकायचा पॅड आणला. गावाकडं कन्नडला राहत होतो तेव्हापासून तव्यावर मीठ तापवून पुरचुंडीनं शेकायचं काम माझं. आज आई पॅडवर आडवी झाली नि वहिनीला म्हणाली, "रेखा, लई बरं वाटायलंय गं." मी शेजारीच. मला असं कधी म्हणाल्याचं आठवत नाही.
दादा म्हणे, "तुझी एमएस्सी होईस्तोवर हिनं इलाज करून टाकला." सगळे हसले. मीही.

६ जाने., मंगळ.
आज आईचा पॅड शेजारच्या काकूंनाही दाखवून झाला. "आमच्या रेखानं आणला."
लॅबमध्ये आमचा प्रोजेक्ट हाच. हेअर ड्रायर, ट्रिमर, मिक्सर यांचं चुंबकीय क्षेत्र. पॅड तर तासन्‌तास अंगाला चिकटून. मोजायलाच हवा. केवळ शास्त्र म्हणून.
असो.

८ जाने., गुरु.
दुपारी मोजला. मीटर लॅबमध्ये, म्हणून मोबाइलच्या ॲपवर. फोन पॅडवर ठेवून आकडा सगळ्यांना दाखवला. शरीरावर परिणाम वगैरे बरंच बोलले. आई घाबरली. "व्हय का? मंग नको बाई." वहिनीनं गुपचूप वायर गुंडाळली, पॅड खोक्यात घातला.
तेवढ्यात स्वयंपाकघरात फ्रिज घरघरायला लागला. लाईट आली.
म्हणजे मोजताना लाईटच नव्हती! पॅड बंद. फोननं दाखवलं ते पृथ्वीचं क्षेत्र. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मी...

१० जाने., शनि.
कुणाला न सांगता पॅड लॅबमध्ये नेला. खऱ्या मीटरवर, चालू करून मोजला. सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी खाली. मिक्सरजवळ याहून जास्त येतं.
वाईट वाटलं. आकडा मोठा यायला हवा होता मला. आईच्या कमरेखालचा आकडा! कसली मी.
घरी आले तर वहिनी तव्यावर मीठ हलवतेय. फडकं माझंच. आई म्हणते, "रेखाच्या हाताला गुण हाये. ती मशीन नाय लागत."
आता तेही गेलं.

११ जाने., रवि.
वहिनीच्या दोन बोटांना तवा लागलाय. म्हटलं, "द्या, मी शेकते." "राहू द्या ताई, परीक्षा आहे तुमची."
मग ओट्यापाशी हळूच विचारलं तिनं, "ताई, आईंना काही होणार तर नाही ना? चार दिवस मीच निजवलं त्याच्यावर." डोळे भरलेले.
"नाही होत काही."
"मला बरं वाटावं म्हणून म्हणता. तुम्ही मोजलंय, म्हंजे धोका खरंच असणार."
तोंडाशी आलं होतं सगळं. लाईट, लॅब, सगळं.
आतून आईनं हाक मारली. रेखाला.
गेली ती डोळे पुसत. पॅड अजून माझ्या बॅगेतच आहे.